आधी अकरा, मग नऊ

रेल्वेच्या केबिनचा इतिहास शिट्टीसाहेबांनी लिहिला होता, त्यामुळे त्यात केबिन कमी आणि शिट्टीसाहेबच जास्त होते. चाळीस पानं, अठरा फोटो, त्यांतल्या सोळांमध्ये साहेब. नोकरीत असताना ते गळ्यात शिट्टी अडकवून साइडिंगभर हिंडायचे आणि मनाला येईल तेव्हा वाजवायचे, म्हणून कामगारांनी ठेवलेलं हे नाव. खाण बंद पडली, कोळशाच्या तिन्ही साइडिंगांचे रूळ उचलून नेले, केबिनला कुलूप लागलं, पण साहेब काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. आता केबिनचं संग्रहालय होणार होतं आणि उद्घाटनही तेच करणार होते.

केबिनमनच्या मुलीने ते पुस्तक लेकीला भरवता भरवता वाचलं होतं. केबिन कधी बांधली, रूळ बदलायचे चोवीस दांडे कुठून आले, पहिली कोळशाची गाडी कधी सुटली, हे सगळं दीड पानात. साहेबांच्या बढत्यांना अकरा पानं. आणि एकतिसाव्या पानावर ते वाक्य: ‘केबिनमन जागेवर नव्हता, अशा वेळी साहेबांनी प्रसंगावधान राखून स्वतः नऊ नंबरचा दांडा ओढला.’

ते पुस्तक कुणी वाचणार नाही, असं म्हणून तिने सोडून दिलं असतं. पण उद्घाटनाला ती बाबांना घेऊन जिना चढून आली, तर तेच वाक्य पितळी पाटीवर कोरून आदल्या रात्रीच दारासमोर लावलेलं. चार स्क्रू ठोकून. बाबांनी पाटी वाचली, चष्मा काढून पुसला, परत वाचली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले.

तिच्या कडेवर अडीच वर्षांची लेक होती. खिडकीच्या कठड्याच्या दोन गजांमधून पोरीचं डोकं सहज जाईल, हे तिने आल्या आल्या हेरलं होतं. समितीने पडदे लावले होते, फुलदाण्या ठेवल्या होत्या, गज मात्र कुणी पाहिले नव्हते.

तिने समितीच्या सेक्रेटरीला गाठलं. “ही पाटी काढा. खोटी आहे.”

“ताई, पितळ आहे ते. खोडरबर नाही चालत त्यावर.” सेक्रेटरी स्वतःच्या विनोदावर खूश झाला. “आणि इतक्या वर्षांनी कोण विचारतंय?”

“मी विचारतेय.”

“कार्यक्रम होऊ द्या, मग बसून बोलू,” असं म्हणत तो हार बघायला गेला. बसून बोलू म्हणणारी माणसं नंतर उभीसुद्धा सापडत नाहीत, हे तिला माहीत होतं.

पाटीवरच्या त्या दुपारी घडलं होतं ते एवढंच. खाणीकडून कोळशाने भरलेले सात डबे सुटले आणि उतारावरून स्टेशनच्या दिशेने घरंगळत निघाले. स्टेशनात माणसांनी भरलेली गाडी उभी होती. बाबांनी नऊ नंबर ओढून डबे वाळूच्या लाईनीवर वळवले आणि ते वाळूत रुतून थांबले. साहेब त्या वेळी केबिनमध्येच होते, टेबलाखाली. चौकशीत साहेबांचा शब्द चालला, कारण त्यांच्या शब्दाला इस्त्री होती. बाबांना केबिनमधून काढून फाटकावर पाठवलं. शेवटची नऊ वर्षं त्यांनी लोकांच्या सायकली थोपवण्यात घालवली, आणि घरी त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. सगळं आईने सांगितलं होतं.

साहेबांचं भाषण सुरू झालं. डबे पुस्तकात सात होते, आता अकरा झाले. “एका क्षणाचाही विचार न करता मी असा धावलो आणि हा नऊ नंबर ओढला,” म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी दांडा पकडला. फोटोग्राफर सरसावला. साहेबांनी हिसका दिला.

दांडा हलला नाही.

साहेब हसले, पाय रोवले, परत ओढलं. मानेच्या शिरा टरारल्या. टाळ्यांसाठी उचललेले हात लोकांनी हळूच मांडीवर ठेवले.

“गंजलाय,” साहेब म्हणाले. “देखभाल नाही. आमच्या वेळी असं नव्हतं.”

“गंज नाही,” बाबा कोपऱ्यातून म्हणाले. “गेला महिनाभर मीच तेल घालतोय. सेक्रेटरींनीच बोलावलं होतं.”

“काय रे, तू आहेस होय अजून?”

“आहे की, साहेब. त्या दिवशीही होतो.”

बाबा उठले. खिशातून धुतलेलं फडकं काढलं. दांड्याला कुणी उघडा हात लावत नसे. घामाने पोलाद डागळतं. फडकं धरून त्यांनी आधी अकरा नंबर मागे घेतला. खटका वाजला. मग नऊ. रुळांपर्यंत जाणाऱ्या तारा कधीच कापलेल्या, त्यामुळे तो लोण्यासारखा आला.

“अकरा म्हणजे नऊचं कुलूप,” ते कुणालाही न उद्देशून म्हणाले. “तो सुटल्याशिवाय नऊ हलत नाही. ज्याने एकदा जरी ओढलाय, त्याला हे सांगावं लागत नाही.”

आवाज चढवला नव्हता, त्यामुळे सगळ्यांना नीट ऐकू गेलं. साहेब पडद्याची शिवण तपासू लागले.

सेक्रेटरी मात्र मुरलेला. “वा काका, छान दाखवलंत. आता साहेबांनी एकदा ओढायचा, फोटो झाला की चहा.”

बाबांनी दोन्ही दांडे होते तसे केले. मग भिंतीवरच्या खिळ्याचं लाल कडं काढून नऊच्या मुठीवर चढवलं आणि खुर्चीवर जाऊन बसले.

“हे काय आता?” सेक्रेटरीने विचारलं.

“लाईनीवर गाडी असली की कडं घालतात. मग तो दांडा कुणी ओढायचा नाही. आणि ज्याने घातलं त्यानेच काढायचं. साहेबांना विचारा, नियम त्यांनीच पाठ करून घेतलाय आमच्याकडून.”

“पण लाईनच नाहीये, काका.”

“पाटी आहे ना.”

सेक्रेटरीने साहेबांकडे पाहिलं. साहेबांना लहानसं लोखंडी कडं उचलण्यापासून कुणी अडवलं नव्हतं. पण चोवीस दांड्यांसमोर, शंभर डोळ्यांदेखत, त्यांचा हात काही पुढे होईना. टेबल तेवढं जवळ होतं. तिला हसू आलं आणि ते तिने लपवलं नाही.

“स्क्रू ड्रायव्हर आहे का कुणाकडे?” शेवटी सेक्रेटरी पुटपुटला.

“माझ्या पिशवीत आहे,” ती म्हणाली. पोरीच्या खेळण्यातले सेल बदलायला ती बाळगायचीच.

चार स्क्रू निघाले. पाटी तोंड भिंतीकडे करून खाली ठेवली गेली. बाबांनी कडं काढलं, खिळ्याला अडकवलं, अकरा मागे घेतला. “ओढा आता, साहेब. आता आमची नातसुद्धा ओढेल.”

साहेबांनी ओढला. उघड्या हातांनी. फोटो निघाला, टाळ्या झाल्या, माणसं चहाकडे वळली आणि साहेब सगळ्यांच्या पुढे.

तिने पोरीला कठड्यापासून लांब खेचलं. “चला बाबा.”

“थांब जरा,” बाबा म्हणाले, आणि फडकं घेऊन नऊच्या मुठीवरचे साहेबांच्या हातांचे ठसे पुसू लागले.