राखीव निधी

स्ट्रेचरची डोक्याकडची बाजू वर होईना, म्हणून लोर्नाने एक हात आईच्या पाठीखाली घालून तिला उचललं आणि दुसऱ्या हाताने सूप पाजलं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला लागून पार दारापर्यंत स्ट्रेचर लावलेले होते. लोर्नाची आई, विनिफ्रेडबाई, कालपासून तिथेच होत्या. पडल्यापासून त्यांना उठता येत नव्हतं, आणि वॉर्डात जागा नव्हती.

"तो बघ, टायवाला येतोय," आई म्हणाली. "डॉक्टर असेल."

डॉक्टर नव्हता. जिल्ह्याच्या आरोग्य मंडळाचा हिशेब बघणारा डेस्मंड होता. लोर्ना त्याच मंडळावर रुग्णांच्या वतीने बसायची. नऊ वर्षांपूर्वी तिची मुलगी याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, जन्मतानाच गेली. त्या दिवशी सुइणी पुरेशा नव्हत्या. लोर्नाने चौकशी लावून धरली, आणि पुढे प्रसूती विभागासाठी सरकारकडून वेगळे पैसे येऊ लागले, दुसरीकडे वळवताच येणार नाहीत असे. यंदा सरकारने ती अट काढली होती. पैसे कुठे वापरायचे ते आता जिल्ह्याने ठरवायचं होतं.

"मीटिंगला येताय ना?" डेस्मंडने विचारलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "त्या पैशांतून या लोकांसाठी एक वॉर्ड उघडता येईल, लोर्ना. थंडी वाढायच्या आत. तुम्ही हो म्हणालात तर कोणी अडवणार नाही. नाही म्हणालात तर तुमच्यापुढे बोलायची कोणाची हिंमत नाही."

"आणि त्याच पैशांवर घेतलेल्या वरच्या नव्या सुइणी?"

"काही ठेवू. सगळ्या नाही."

तो खोटं बोलत नव्हता. त्याचे डोळे जागरणाने लाल झाले होते.

"वॉर्ड म्हणजे खरा पलंग?" आईने मध्येच विचारलं.

"हो, बाई."

"मग माझं मत घ्या की. हिचं कशाला घेताय?"

डेस्मंड हसला. लोर्नाला हसू आलं नाही.

मीटिंगमध्ये तिची पाळी आली तेव्हा जो तो समोरच्या कागदात बघत होता. ती बसूनच म्हणाली, "ते पैसे वरच राहू देत."

कारण तिने दिलं नाही, कोणी विचारलंही नाही. डेस्मंडने चष्मा काढून डोळे चोळले. पुढचा विषय निघाला.

ती कॉरिडॉरमध्ये परत आली तेव्हा आई जागीच होती.

"काय झालं गं?"

"मी नाही म्हटलं, आई."

आई हळूच म्हणाली, "मला लघवीला लागलीय."

नर्सने बेडपॅन सरकवलं आणि दुसरीकडून हाक आली तशी ती धावली. लोर्नाने अंगातला कोट काढून स्ट्रेचरसमोर पसरून धरला. एक बाजू झाकली की दुसरी उघडी पडत होती. माणसं येत-जात होती.

डेस्मंड बाहेरच्या दाराकडे निघाला होता. तो थांबला. बॅग खाली ठेवून त्याने कोटाचं एक टोक हातात घेतलं, ताणून धरलं, आणि स्ट्रेचरकडे पाठ करून उभा राहिला.

"कोण आहे गं पलीकडे?" आतून आईने विचारलं.

"कोणी नाही," लोर्ना म्हणाली. "होऊ दे सावकाश."