भुवईभर होकार

चर्चच्या सभागृहाच्या खिडक्यांना चटया टांगल्या, तसा भर दुपारी आत समुद्राच्या तळाशी असतो तसला हिरवट अंधार झाला. विणीतून उन्हाचे दाणे गळत होते, पडद्यावर बारक्या मासळीसारखे पोहत होते.

गेल्या वर्षी सामोआतल्या आमच्याच सवाई बेटाच्या किनाऱ्यावर चित्रित झालेला मारधाडीचा विनोदी सिनेमा आज गावात आला होता. पण गाव जमलं होतं ते लोकेनीकाकांसाठी. काका आमच्या सोंगाड्यांचे म्होरके. चाळीस वर्षं ते मोडकी छत्री घेऊन नुसते उभे राहिले, तरी पाद्रीबुवा पोट धरायचे. शूटिंग संपलं आणि ती छत्री छपराच्या वाशात खोवली गेली.

"दिग्दर्शकानं विचारलं, दोन मोठे प्रसंग करणार का? मी हो म्हटलं. तरी ते दुसऱ्यालाच दिले, मला शेवटी क्षणभर उभं केलं," काका सांगत. "आज मला बघून कोणी हसलं नाही, तर सोंग कायमचं बंद."

म्हणून मी हसू मोजायला बसले. तशी माझी खोडच आहे.

पहिल्या तासात दोन. त्यातलं एक बाकावरून घसरलेल्या पाद्रीणबाईंना. पडद्यावर नामांकित नट धावत होते, नामांकित नट्या किंचाळत होत्या, होड्या फुटत होत्या. ज्याच्या नुसत्या खोकल्यावर गाव लोळतं, तो आमचा सेफो नारळ वाहत होता. जिच्या गळ्यानं चर्चचे खांब थरथरतात, ती वाइओला प्रेत झाली होती.

"मेल्यावर तरी गाऊ द्यायचं होतं हो हिला," फेतूईकाकू पुटपुटल्या. त्यांचा हात मात्र नवऱ्याच्या, म्हणजे लोकेनीकाकांच्या, गुडघ्यावर घट्ट होता.

शेवटी नायक धापा टाकत किनाऱ्यावर आला. समोर काका!

"म्हातारबा, बाँब याच होडीत आहे का?"

पडद्यावरच्या काकांनी भुवया उचलल्या. बस, तेवढंच.

"मुका दिसतोय!" म्हणत नायकानं त्याच होडीत उडी घेतली.

मग सभागृह हशानं फुटलं. भुवया उचलणं म्हणजे हो, हे सामोआत तान्ह्या बाळालाही कळतं.

"अरे, हो म्हणाला ना तो!"

"मेल्या, तोंडावर सांगितलं तुला!"

होडी उडाली, नायक उडाला, मी मोजणं सोडून दिलं.

फेतूईकाकू एकट्याच हसत नव्हत्या. नवऱ्याकडे टक लावून त्यांनी विचारलं, "अहो, त्या दिग्दर्शकालाही असंच हो म्हटलं होतं?"

"मग कसं म्हणायचं? माझ्याकडेच तर बघत होता."

"अरे देवा! तो अजून तुमच्या उत्तराची वाट बघत असेल!"

काकांचं पोट हसण्यानं हलायला लागलं आणि बाकही.

चटया उतरल्या. सगळे जण झोपेतून उठल्यासारखे डोळे चोळत उन्हात आले.

"छत्री काढू का वाशातून?" काकूंनी विचारलं.

काकांनी भुवया उचलल्या.

"तोंडानं बोला. मला आता भरवसा नाही."

काकांनी भुवया पार टकलापर्यंत नेल्या.