बूट घासल्याशिवाय पुढे नाही

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. दात घासायचा नव्हे. माझा संबंध बुटांच्या तळव्यांशी. डोंगरावरच्या राखीव उद्यानाच्या फाटकाशी मला एका फळीवर, केस वर करून ठोकलं आहे. माझ्यावर बूट घासल्याशिवाय कुणी वर चढायचं नाही.

मला ठोकलं पहारेकरीकाकांनी. या डोंगरावर खाली दाट झाडी, मध्ये दलदल आणि अगदी वर कस्तुरीमृगांचं कुरण आहे. बुटाच्या चिखलातून परकं बी तिथे पोचलं, तर तण माजून गवत संपतं आणि मग मृगही. शेजारच्या डोंगरावर काकांनी ते पाहिलं होतं.

लोक कुरकुरायचे. एक साहेब म्हणाले, "आम्ही पाहुणे आहोत की गुरं?"

"गुरं असता तर खूर घासले असते," काका म्हणाले. "चला, दुसरा पाय."

माझं कौतुक कुणी केलं नाही. फोटो निघाले ते मृगांचे. माझे केस झिजले, पण मी तसूभर हललो नाही.

मग काका निवृत्त झाले आणि पुढे वारले. नव्या पहारेकऱ्याला फाटकावर रांग नको होती. सुट्टीच्या गर्दीआधी मला उखडायचं त्याने ठरवलं. एक खिळा अर्धा वर आलाही होता, तेवढ्यात काकांची मुलगी आली. तिच्या पायांत वडिलांचेच बूट होते, जाड मोजे घालून बसवलेले. त्यांचं कुरण तिला पाहायचं होतं.

"जा ताई, तुम्ही तर घरच्याच," तो म्हणाला.

"घरची म्हणून बाबांनी मला कधी सोडलं नाही."

तिने पाय माझ्यावर ठेवला. मी उरलेल्या केसांनिशी भिडलो. तळव्याच्या खाचेतून मातीचं ढेकूळ निघालं आणि त्यात एक काटेरी बी. तिने ते तळहातावर घेतलं.

"निवृत्त झाल्यावर हे बूट घालून बागेत फिरायचे ते," ती म्हणाली. "आज तुम्ही बाबांच्याच बुटांतून हे बी वर सोडत होतात."

मग पक्कड खिशात घालून त्याने हातोडी आणली आणि खिळा पुन्हा ठोकला. चांगला खोल.

"दुसरा पाय, ताई."

मित्रांनो, तुम्हीही या. कपाळाला आठ्या घालून आलात तरी चालेल. माझे केस थोडे उरलेत, पण ताठ आहेत. तुमचे बूट कितीही महाग असोत, तळवा दाखवल्याशिवाय मी सोडणार नाही.