दादाचा गुडघा

आमची लाँड्री आहे आणि चादरी गच्चीवर वाळतात. पाऊस येणार हे आधी कळलं तर चादरी ड्रायरमध्ये जातात, नाही कळलं तर हॉटेलवाल्यांची बोलणी खावी लागतात. हे कळवण्याचं काम इतकी वर्षं माझ्या थोरल्या भावाचा गुडघा करत आला. दुखला की पाऊस. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन लांबवू नका. दादा म्हणतो, "मग चादरींचं काय?" आम्हीही कधी फार आग्रह केला नाही.

पुतणी कॉम्प्युटरचं शिकून आली आणि तिने याचं ॲप केलं. हवामानाचा अंदाज इंटरनेटवरून यायचा, गुडघ्याचा घरून, आणि दोन्ही जुळवून ॲप सांगायचं, गच्ची की ड्रायर. दोघांचं पटलं नाही तर कोणाचं ऐकायचं, यावर घरात बैठक बसली. मी म्हणालो, ते लोक कुठेतरी बसून उंटावरून शेळ्या हाकणार, गुडघा निदान इथला आहे. गुडघ्याचं ऐकायचं ठरलं.

"या घराण्याची अक्कल गुडघ्यात आहे, हे मी लग्नातच ओळखलं होतं," वहिनी म्हणाली.

रोज सकाळी पुतणी हातात फोन घेऊन विचारायची, "बाबा, गुडघा?" दादा डॉक्टरासारखा स्वतःचाच पाय चाचपायचा आणि मग उत्तर द्यायचा. ॲपचं सहसा चुकत नसे. दादाची कॉलर ताठ होती.

मग चुकायला लागलं. बाहेर कडकडीत ऊन आणि ॲप म्हणतंय ड्रायर. दुसऱ्या दिवशीही ड्रायर, तिसऱ्या दिवशीही तेच. वहिनी वैतागली. पुतणीने सगळं तपासलं आणि निकाल दिला.

"काका, इंटरनेटवरचं बरोबर आहे. घरची माहिती बिघडलीये. रोज एकच उत्तर येतंय, काढून टाकावी लागेल."

मलाही पटलं. तिने गुडघा ॲपमधून काढला.

दुसऱ्या दिवशी ॲप गच्ची म्हणालं आणि चादरी छान वाळल्या. सगळे खूश. मी इस्त्रीला उभा होतो. दादा कोपऱ्यातल्या खुर्चीत पाय लांब करून बसला होता.

"आज कोणी विचारलं नाही," तो म्हणाला.

"आता लागत नाही, दादा. नेटवरून येतं सगळं."

"बरं झालं. तेवढीच कटकट कमी."

तो उठायला गेला आणि टेबलाची कड धरून तसाच उभा राहिला. पुढचं पाऊल काही पडेना. मला स्वतःची लाज वाटली. रोज एकच उत्तर का येतंय, हे घरात एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी इस्त्री बंद केली.

"दादा, गुडघा कसा आहे?"

त्याने सवयीने खिडकीबाहेर बघितलं. लख्ख ऊन होतं.

"दुखतोय रे," तो म्हणाला. "पाऊस नाही. नुसताच दुखतोय."