खडीवरची अंडी

द्रौपदीबाईंनी गच्चीच्या दाराला कुलूप घातलं, ओढून पाहिलं आणि चावी कमरेला खोचली. डांबराचे डबे घेऊन आलेले तिघे कामगार खालच्या पायरीवर थबकले.

सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार धापा टाकत वर आले. गच्ची गळत होती ती द्रौपदीबाईंच्याच डोक्यावर. भांडुपच्या त्या इमारतीत शेवटच्या मजल्यावर त्यांचंच घर होतं. दोन वर्षं प्रत्येक मीटिंगमध्ये उभं राहून त्यांनीच हे काम मंजूर करून घेतलं होतं. आता पाऊस तोंडावर आला असताना बाईंचं हे काय चाललंय, ते नंदकुमारांना कळेना.

कारण वर, गच्चीतल्या जुन्या खडीवर होतं. इमारतीमागच्या खडकाळ माळावर टॉवरचं काम सुरू झालं, तशी तिथली करवानकांची जोडी इथे आली. नाव सुनेनं, दिशानं, मोबाइलवर शोधून सांगितलं होतं. लांब पायांचा, दगडाच्या रंगाचा पक्षी. डोळे मोठे, पिवळे. माणसाची चाहूल लागली की मान लांब करून जमिनीला चिकटायचा, मग दिसायचाच नाही. त्या खडीतच मादीनं दोन अंडी घातली होती. आणि कामाची सुरुवात खडी उचलण्यापासूनच होणार होती.

नंदकुमारांनी समजावलं, मग आवाज चढवला. या वर्षी हुकलं तर पुन्हा मंजुरी मिळणार नाही, असंही बजावलं. द्रौपदीबाई पायरीवर बसून राहिल्या. शेवटी नंदकुमारांनी त्यांच्या मुलाला, सुशांतला, ऑफिसातून बोलावून घेतलं.

सुशांत आला तो तापूनच.

"आई, दोन वर्षं तूच भांडलीस ना?"

"तेव्हा वर कोण रवत नव्हता," द्रौपदीबाई त्यांच्या मालवणीत म्हणाल्या.

त्यानं हात पुढे केला. त्यांनी चावी दिली नाही. उठून स्वतःच कुलूप काढलं आणि त्याला आत घेतलं.

उन्हानं गच्ची भाजत होती. सुशांत चार पावलं गेला असेल, तोच त्याच्या पायापुढचा एक दगड उभा राहिला. पक्षी पळाला नाही. पंख पसरून, चोच वासून समोर ठाकला. सुशांतच्या गुडघ्याएवढाही नव्हता. पक्ष्याला रोज पाणी ठेवणाऱ्या द्रौपदीबाई पुढे झाल्या, तर त्यांच्यावरही धावून आला.

"माका पण सोडत नाय," त्या म्हणाल्या. त्यांना ते आवडलेलं दिसलं.

सुशांत मागे सरकला. पक्षी पुन्हा अंड्यांवर बसेपर्यंत तिथेच थांबला. मग बाहेर येऊन त्यानंच कुलूप लावलं.

"मिळाली चावी?" नंदकुमारांनी जिन्यातून विचारलं.

"आम्ही नाही देणार, काका."

"पावसात घर गळेल. मग माझ्याकडे यायचं नाही."

"नाही येणार."

कामगारांनी डबे उचलले. सुशांत आईशेजारी टेकला. पायरी अरुंद होती. द्रौपदीबाई जरा सरकल्या.