नीला मागे का वळली?

बनशंकरीच्या एका कल्याणमंटपात, म्हणजे आपल्याकडच्या मंगल कार्यालयात, रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. "ऐकू आलं! ऐकू आलं!" म्हणत बायका डोळे पुसत होत्या, पुरुष मोबाईल उंच धरून व्हिडिओ काढत होते. मी दाराशी उभी राहून मनात स्वतःलाच म्हणत होते, कमलाबाई, घ्या, आणखी एक! बावीस वर्षं बहिऱ्या मुलांना शिकवतेय, तेवढ्यात पाच बाबा पाहून झाले. हे सहावे, नादस्वामी. कंटाळा आलाय हो आता.

स्टेजवर माझ्या वर्गातली चार वर्षांची नीला बसली होती. जन्मापासून दोन्ही कानांनी ठार बहिरी. तिच्या समोर तिची आई अमृता. मागे स्वामी, हातात चिमुकली घंटी.

"कान बंद नसतो, नाद रुसलेला असतो!" स्वामी माइकवर गरजले. "आईनं समोर बसायचं, नाद मी आणतो. स्वल्प श्रद्धा, बस्स!"

रुसायला नाद काय दिवाळसणाचा जावई आहे?

घंटी किणकिणली आणि नीला चटकन मागे वळली. मंटप टाळ्यांनी दणाणला. वळली हे खरं, मीही पाहिलं. पण स्वामी एवढ्यावर थांबले नाहीत.

"आता अठ्ठेचाळीस दिवसांचं मंडल, म्हणजे व्रत. तोवर हातांच्या खुणा एकदम बंद! हात बोलले की कान झोपतो."

दीड वर्षात नीला खुणांनी तीनेकशे शब्द शिकली होती. त्याआधी भूक लागली तरी भिंतीवर डोकं आपटायची, कारण सांगायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतंच. त्याच भिंतीपाशी पोरीला परत नेऊन बसवायचं?

मी स्टेजवर गेले. "अमृता, असं करू नकोस गं."

"अक्का, तुमच्यादेखत वळली ना? डॉक्टरांचं ऐकलं, तुमचं ऐकलं. मला एकदा तिच्या तोंडून 'आई' ऐकायचंय हो." ती रडत होती. तिच्यावर काय रागावणार?

"बरं. फक्त तोंडावर पदर घे आणि मग घंटी वाजू दे."

"अक्का, श्रद्धेची परीक्षा घेऊ नये," स्वामी गोड हसले.

"का? आईचा पदर नादाला आडवा येतो होय?"

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. अमृतानं तोंडावर पदर ओढला. घंटी वाजली. नीला झेंडूच्या पाकळ्या तोडत बसली होती. पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा स्वामींनी मनगट दुखेपर्यंत वाजवली, तरी पाकळ्या तोडणं चालूच.

मी घंटी मागून घेतली आणि मुठीत दाबून धरली. "आता पदर काढ, अमृता. नुसतं तिच्या मागे बघ, मघासारखं."

अमृतानं नजर वर केली. कुठेही आवाज नव्हता, तरी नीला वळली.

"ग्रहदशा... नादलहरी..." स्वामी पुटपुटले.

"कसल्या लहरी!" मी म्हटलं. "घंटी हलली की आईचा चेहरा उजळतो, डोळे लेकीच्या मागे जातात. पोर तो चेहरा वाचते. म्हणून तर आईला समोर बसवायचं असतं."

मग नीलालाच खुणेनं विचारलं, मागे का बघितलंस? तिचे हात भराभर चालले. अमृताला ते कळलं. गर्दीसाठी मी मोठ्यानं सांगितलं. "ती म्हणते, मी वळले की आई हसते."

अमृतानं लेकीला पोटाशी धरलं आणि ती हमसून हमसून रडली. मलाही राहवलं नाही.

तोवर दुसऱ्या दारानं नवी माणसं आत येत होती, हातात आपापली लेकरं. त्यांना आणि तुम्हालाही हात जोडून सांगते: खुणांनी कुणाची वाचा जात नाही. पण भाषाच मिळाली नाही, तर मुलाला आपल्या मनातलं सांगता येत नाही, दुसऱ्याच्या मनातलं विचारता येत नाही. कान तपासायला डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जा. आणि घरी आजपासून पोराशी हातांनी बोलायला लागा. मंडल संपेपर्यंत त्याचं बालपण थांबून राहत नाही.