तिसऱ्या ओळीवरचा कर्नल

मी एक जुना संगणक आहे, आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर माणसांच्या 'चालतंय ना' या दोन शब्दांचा मला वीट आला आहे.

कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कारखान्यात मी खिडकीखाली बसतो. शेजारी पायाच्या मापाचा साचा कोरणारं यंत्र आहे. त्याला हुकूम मी देतो. त्या साच्यावर तापवलेलं प्लास्टिक चढवून मावशी वाटी घडवतात; तुटलेल्या पायाचा उरलेला भाग तिच्यात बसतो. मावशी म्हणजे इथल्या मुख्य कारागीर. सगळे त्यांना मावशीच म्हणतात. पहिल्या वर्षी लोक मला मुद्दाम बघायला यायचे. मग माझ्या डोक्यावर प्लास्टरची धूळ साचत गेली आणि कौतुक आटलं.

माझ्यात लिनक्स आहे, म्हणजे मला चालवणारी प्रणाली. त्याचा गाभा म्हणजे कर्नल. मी सुरू होताना तो आधी जागा होतो आणि बाकीच्यांना कामाला लावतो. अपडेटबरोबर नवा कर्नल येतो, पण जुनेही राहतात. म्हणून सुरुवातीला पडद्यावर त्यांची यादी दिसते. पाच सेकंदांत कुणी निवड केली नाही, तर ठरवून दिलेला सुरू होतो. आमचं यंत्र एका जुन्या कर्नलशीच बोलतं. दुसरा कुणी असला की ढिम्म हलत नाही.

हे कळल्यावर दुरुस्तीवाला आला. वेफर्स खात, तेलकट बोटांनी माझी बटणं बडवत. शी! चुरा आत गेला तो गेलाच. जुना कर्नल तेव्हा यादीत तिसरा होता. पठ्ठ्यानं 'तिसरी ओळ सुरू कर' एवढंच लिहिलं. नाव लिहायचाही कंटाळा! "चालतंय ना?" म्हणाला आणि गेला.

महिनाभर चाललं. मग अपडेट झालं. नवा कर्नल सगळ्यांच्या वर येऊन बसला, बाकीचे एकेक ओळ खाली सरकले. सकाळी मी मुकाट्यानं तिसऱ्या ओळीवरच्या भलत्यालाच उठवलं. यंत्र गप्प.

नेमक्या त्याच सकाळी कंडक्टरबाई आल्या. अपघातात त्यांचा गुडघ्याखालचा पाय गेला होता. उरलेला पाय बारीक होऊन आधीची वाटी ढिली झाली होती. कामावर परतण्यासाठीची चाचणी दुसऱ्या दिवशी होती.

"मावशी, उद्या बसच्या पायऱ्या चढून दाखवायच्यात," त्या म्हणाल्या. "पडले, तर मला कायमची ऑफिसात टेबलाशी बसवतील."

मावशींनी दुरुस्तीवाल्याला फोन करून बोलावून घेतलं. त्यानं माझ्याकडे नाक मुरडून पाहिलं. माझ्याकडे! "भंगार झालंय हो हे. जुने कर्नल उडवून टाकतो, जागा तरी होईल."

त्याचं बोट बटणावर टेकणार, इतक्यात मावशींनी मनगट धरलं.

"हात काढ. ज्याच्यावर यंत्र चालतं, तोच उडवतोस?"

"अहो, जुना आहे तो."

"मीही जुनीच आहे. मलाही उडव मग!"

तो ओशाळला. यादी खालपर्यंत वाचली. जुना कर्नल चौथ्या ओळीवर सापडला. या वेळी त्यानं ओळीचा आकडा खोडून कर्नलचं पूर्ण नाव लिहिलं, आणि तो कधी पुसला जाणार नाही अशी सोयही केली. मावशींनी त्याच्याकडून मला तीनदा बंद-चालू करून घेतलं. तिन्ही वेळा तोच उठला. यंत्र घरघरलं.

दुपारपर्यंत साचा झाला, संध्याकाळी वाटी. कंडक्टरबाईंनी कारखान्याचा जिना दोनदा चढून उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. त्या बसमधूनच बोलत होत्या. मागे घंटीची दोरी ओढल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. मावशींनी फोन ठेवला आणि फडक्यानं माझ्या डोक्यावरची धूळ पुसली.

मित्रांनो, नवं जरूर आणा, मला त्याचा राग नाही. पण तुमच्यासाठी राबणाऱ्याला रांगेतल्या आकड्यानं ओळखू नका. रांग सरकते. त्याचं नाव माहीत करून घ्या, आणि पुसण्याआधी एकदा ते मोठ्यानं वाचा.